टांगलेलं वजन : पाव हिस्सा बीफ, एक फ्रीजर आणि एक वादळ

जून 2020 च्या शेवटच्या शनिवारी आम्ही 200 पाउंड बीफचे पैसे मोजले (एक पाउंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम) आणि घरी 124 पाउंड आणलं. बायकोने गॅरेजमध्ये वजनकाटा ठेवला, एकेक खोका त्यावर चढवला, आकडे वहीत मांडले, बेरीज दोनदा केली आणि माझ्याकडे बघितलं. तिचे वडील वसईच्या बाजारात वाडीतली भाजी विकायचे. काटा मारणारा माणूस तिला लांबून ओळखू येतो. "बाकीचं 76 पाउंड कुठे गेलं?"

काटा कोणीच मारला नव्हता. पण उत्तर द्यायला मला जवळजवळ वर्ष लागलं, आणि मधल्या काळात त्या 124 पाउंडांपैकीही काही आमच्या पोटात न जाता कचऱ्यात गेलं. मुंबई-वसईकडून इथे अमेरिकेत येऊन पहिल्यांदाच असा मोठा हिस्सा घ्यायचा विचार करणारे बरेच जण मला विचारतात, म्हणून हे सगळं प्रकरण आकड्यांसकट मांडतो.

आम्ही आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स गावात राहतो. मी, बायको, दोन मुलं. तेव्हा मोठा 14 वर्षांचा होता, धाकटी 11 ची. आम्ही वसईचे ख्रिस्ती. लहानपणी रविवारी मिस्सा संपली की वडील येताना मोठ्याचं मटण, म्हणजे बीफ, घेऊन यायचे. सकाळी कापलेलं, हाताला अजून कोमट लागणारं, केळीच्या पानात किंवा वर्तमानपत्रात बांधलेलं, हाडासकट. साठवणं हा प्रकारच नव्हता. पुढे 2015 च्या कायद्याने महाराष्ट्रात बैल आणि वळूही कापायला बंदी आली, म्हशीचं तेवढं राहिलं. त्याबद्दल ज्याचं त्याचं मत ज्याच्या त्याच्यापाशी. मुद्दा इतकाच की अख्ख्या जनावराचा चौथा भाग एका दिवशी घरात आणायचा, हा अनुभव आमच्या दोघांच्याही घराण्यात कोणाला नव्हता. मराठवाड्यातला माझा एक मित्र मात्र हसला. त्याच्या आजीच्या घरी एका जनावराचं मांस सगळ्या वस्तीत वाटलं जायचं आणि उरलेल्याच्या चान्या कापून दोरीवर वाळत घालायचे. "तुमचा फ्रीजर म्हणजे आमची दोरीच की," तो म्हणाला.

2020 च्या एप्रिलमध्ये आयोवा, साउथ डकोटा, कोलोरॅडो इथले मोठाले मांस कारखाने कामगारांना कोविड झाल्यामुळे काही दिवस बंद पडले. दुकानात मांसाच्या कपाटावर कागद लागला, एका गिऱ्हाइकाला दोनच पाकिटं. गंमत म्हणजे शहराबाहेर दहा मिनिटं गाडी चालवली की दोन्ही बाजूंना गुरं चरताना दिसायची. जनावर होतं, कापणारे हात नव्हते. लोक मग गावोगावच्या लॉकरकडे धावले.

लॉकर हा शब्द इथे येऊन दहा वर्षं झाली तरी मला कळला नव्हता. मला वाटायचं बँकेतलं काहीतरी. मिडवेस्टमधल्या, म्हणजे आमच्या या मध्य-अमेरिकी राज्यांतल्या, छोट्या गावातल्या खाटिकखान्याला लॉकर म्हणतात. 1930-40 च्या काळात घरोघरी फ्रीजर नव्हते, तेव्हा या दुकानांत थंड खोल्या असायच्या आणि त्यांत भाड्याने मिळणारे कप्पे. शेतकरी आपलं जनावर तिथे कापून घेई, मांस आपल्या कप्प्यात ठेवी आणि आठवड्याला लागेल तेवढं घरी नेई. कप्पे गेले, नाव राहिलं.

मे महिन्यात कोणत्याही लॉकरला फोन केला की पुढच्या वर्षीची तारीख मिळायची. आमचं नशीब असं की माझ्या ऑफिसातल्या एकाने जानेवारीतच एका शेतकऱ्याकडे अर्धं जनावर सांगून ठेवलं होतं आणि त्याच्या मेहुण्याने ऐन वेळी अंग काढून घेतलं. त्याने मला विचारलं, पाव हिस्सा घेतोस का? मी काही न विचारता हो म्हटलं. इथे पहिली चूक झाली. विचारण्यासारखं पुष्कळ होतं.

पहिलं म्हणजे आपण विकत काय घेतो. आपण मांस घेत नाही, जिवंत जनावराचा हिस्सा घेतो. लहान लॉकरमध्ये प्रत्येक जनावराच्या वेळी सरकारी निरीक्षक हजर नसतो. मालकाने स्वतःच्या घरासाठी कापून घेतलेल्या जनावराला अमेरिकी कायदा त्या तपासणीतून सूट देतो, पण मग ते मांस विकता येत नाही. म्हणून व्यवहार उलटा होतो. जनावर कापायच्या आधी चार जण त्याचे मालक होतात आणि प्रत्येक पाकिटावर शिक्का पडतो, "विक्रीसाठी नाही". मालक, त्याचं कुटुंब, त्याच्याकडे काम करणारे आणि पैसे न देणारे पाहुणे, एवढ्यांनीच ते खायचं. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी 10 पाउंड विकत मागितलं, तेव्हा मी त्यांना हा शिक्का दाखवला. ते कायद्याचा मान राखून पैसे न देणारे पाहुणे म्हणून चार वेळा जेवून गेले.

दुसरं म्हणजे दर कशावर लागतो. इथे तीन वजनं आहेत आणि सगळा घोटाळा मधल्या वजनाचा आहे. आमचा स्टिअर, म्हणजे खच्ची केलेला गोऱ्हा, जिवंत असताना साधारण 1,290 पाउंड भरला. कातडं, डोकं, खूर, आतडी आणि रक्त गेल्यावर आकड्याला टांगलेला सांगाडा 800 पाउंड. हे टांगलेलं वजन, जिवंत वजनाच्या 62 टक्के, आणि मक्यावर पोसलेल्या जनावराला एवढं यायलाच हवं. शेतकऱ्याचा दर यावर लागतो, लॉकरची मजुरीही यावरच. त्यानंतर सांगाडा थंड खोलीत दहा-चौदा दिवस लटकतो, त्यात पाणी उडतं. मग वाळलेली कड छाटली जाते, हाडं निघतात, जादा चरबी निघते. हातात येतं ते तिसरं वजन.

आमचा हिशोब असा होता. पाव हिस्सा 200 पाउंड, शेतकऱ्याचा दर 2.50 डॉलर, म्हणजे 500 डॉलर. लॉकरची कापण्या-बांधण्याची मजुरी पाउंडाला 70 सेंट, 140 डॉलर. जनावर मारण्याचे 80 डॉलर, त्यातला आमचा पाव भाग 20. एकूण 660. आम्ही मनात 660 ला 200 ने भागून 3.30 चा भाव धरला होता. खरा भाव 124 ने भागून निघतो, 5.32 डॉलर.

भाव वाईट नव्हता. रिबआयचा, म्हणजे बरगडीजवळच्या महागड्या स्टेकचा, तुकडाही 5.32 ला आणि खिमाही 5.32 ला. पण पाव हिश्श्यात रिबआय आले जेमतेम सहा, खिमा आला 50 पाउंड. बाकी 35 पाउंड रोस्टचे मोठे गोळे, 27 पाउंड स्टेक, 12 पाउंड स्ट्यूचे तुकडे आणि किरकोळ. दुकानात स्वस्त मिळणारी वस्तू आपण सरासरी भावाने महाग घेतो आणि महाग वस्तू स्वस्त, त्यामुळे फायदा की तोटा हे घरात काय शिजतं यावर ठरतं. स्टेक भाजून खाणाऱ्या घराला हा सौदा सरळ फायद्याचा. आमच्या घरात स्टेक महिन्यातून एकदा होतो, तोही मुलांच्या हट्टापायी.

खरी चूक आता सांगतो.

मारण्याच्या दुसऱ्या दिवशी लॉकरमधल्या बाईंचा फोन आला. कट शीट भरायचीय. म्हणजे कापणी कशी हवी याचा कागद. स्टेकची जाडी किती, पाऊण इंच की एक? एका पाकिटात किती? रोस्ट किती पाउंडाचा? खिम्यात चरबी किती, एका पाकिटात एक पाउंड की दोन? शॉर्ट रिब्ज, म्हणजे बरगड्यांचे छोटे तुकडे, हव्यात? ब्रिस्केट, म्हणजे छातीचं मांस? सूपाची हाडं? कलेजी, हृदय, जीभ, शेपूट? बाई भराभर विचारत होत्या, मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, जे सगळे घेतात तसंच करा. त्या म्हणाल्या, ठीक आहे.

सगळे घेतात तसं म्हणजे आयोवातली घरं घेतात तसं. नळी, मान, बरगड्या यांचं मांस सोडवून खिम्याच्या यंत्रात. हाडं टाकून. जीभ, शेपूट, हृदय कोणी घेत नाही, टाकून. कलेजी कुत्र्यासाठी नेणाऱ्याला. कट शीटचा न लिहिलेला नियम हाच, की ज्यासमोर 'हो' नाही ते एक तर खिमा होतं नाहीतर कचरा. आमच्या 76 पाउंडांतलं काही पाणी होतं, काही खरोखर निरुपयोगी चरबी होती. पण विंदालूची नळी, सूपाची हाडं, नाताळची खारवलेली जीभ त्यातच गेली आणि ती मी स्वतः, मीटिंगमध्ये बसून, टाकून दिली होती.

आई वसईहून फोनवर म्हणाली, "बिनहाडाचं मटण आणि ते पण दोन आठवडे टांगलेलं? मग दुकानातलं घ्यायचं ना रे बाळा." टांगण्याबद्दल तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. जनावर मेल्यावर स्नायू आवळतात, मग थंडीत हळूहळू मांसातलीच विकरं ते तंतू सैल करतात, म्हणून इथे टांगतात. तव्यावर चार मिनिटं भाजायच्या तुकड्याला याचा फार उपयोग होतो. दीड तास मंद आचेवर शिजणाऱ्या रश्श्याला मात्र आठवडाभर पुरे. उरलेले दिवस आपण पाणी उडवण्यात आणि वाळलेली कड छाटण्यात घालवतो, पैसे तर आधीच्याच वजनाचे दिलेले असतात. म्हणजे अर्धं तरी आईचं बरोबर होतं.

स्ट्यूच्या तुकड्यांनीही असंच फसवलं. पाकिटावर छान एक इंची चौकोन, बायको खूश झाली, आता कापायला नको. बॉटल मसाला, म्हणजे आमच्याकडचा बाटल्यांत भरून ठेवायचा मसाला, घालून सुकं केलं. तुकडे चघळताना कापूस वाटला. ते मांस मागच्या मांडीचं, राउंडचं होतं, बिनचरबीचं. जास्त शिजवलं की कोरडं होतं, कमी शिजवलं की चिवट. आपल्या पद्धतीच्या शिजवण्याला खांद्याचं, म्हणजे चकचं मांस लागतं. त्यात पांढऱ्या शिरा भरपूर असतात आणि त्या वितळल्या की रश्श्याला जी जाडी येते, तिच्यासाठी आपण हाड मागून घेतो. आता आम्ही तयार तुकडे घेतच नाही. चकचा तीन पाउंडाचा रोस्ट अर्धवट वितळला की घरीच कापतो, तेव्हा सुरीही सरळ चालते.

फ्रीजरबद्दल थोडं. त्या उन्हाळ्यात नवा पेटी-फ्रीजर मिळणं म्हणजे लॉटरी होती, आम्ही 7 घनफुटांचा जुना 150 डॉलरला घेतला. इथला ठोकताळा असा की 35 ते 40 पाउंड बांधलेल्या मांसाला एक घनफूट पुरतो. म्हणजे आमचं बीफ साडेतीन घनफुटांत बसलं आणि अर्धी पेटी रिकामी राहिली. बायकोने दुधाचे प्लास्टिकचे कॅन पाण्याने भरून त्या जागेत कोंबले. मला तो निव्वळ पसारा वाटला. त्या कॅननी पुढे काय केलं ते येतंच आहे.

मांडणी मी केली. रोज लागतो म्हणून खिमा वर, कधीमधी लागतात म्हणून रोस्ट तळाशी. शहाणपणाची वाटते ना? खिमा चवीला तीन-चार महिनेच चांगला राहतो, अखंड तुकडे चार महिन्यांपासून वर्षभर, असं इथलं कृषी खातं सांगतं. शून्य फॅरनहाइटला, म्हणजे उणे 18 सेल्सियसला, खराब काहीच होत नाही, चव आणि पोत तेवढे उतरतात. 50 पाउंड खिमा, आठवड्याला तीन पाउंड. सतरा आठवडे. म्हणजे किती मांस घ्यायचं याचा खरा हिशोब फ्रीजरच्या घनफुटांवर नसून खिम्याच्या आठवड्यांवर असतो. पोटॅटो चॉप्स, खिमा-पाव, खिमा भरलेली सिमला मिरची, पुन्हा पोटॅटो चॉप्स. धाकटीने जुलैअखेरीस शाकाहारी व्हायची धमकी दिली.

10 ऑगस्ट 2020, सोमवार. दुपारी साडेबाराच्या सुमारास आकाश हिरवट काळं झालं आणि डेरेचो आला. डेरेचो म्हणजे गडगडाटी ढगांची लांबच लांब फळी सरळ रेषेत पुढे धावते ते वादळ. आयोवाने त्या दिवसाआधी हा शब्द क्वचितच ऐकला असेल. आमच्या गावातल्या वाऱ्याचा सर्वाधिक वेग नंतर ताशी 140 मैल, म्हणजे 225 किलोमीटरच्या घरात असल्याचा अंदाज निघाला. पाऊण तास आम्ही तळघरात होतो. वर आलो तेव्हा आमच्या रस्त्यावरचं एकही मोठं झाड धड उभं नव्हतं. वीज गेली, फोन गेला, पेट्रोल पंपही विजेवर चालतात म्हणून तेही बंद.

फ्रीजरची आठवण संध्याकाळी झाली. पेटीत तेव्हा 104 पाउंड होतं. नियम मला पाठ होता. गच्च भरलेला फ्रीजर झाकण न उघडता साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास. दुधाच्या कॅनमुळे आमचा गच्च भरलेला होता. बायकोने झाकणाला चिकटपट्टी लावली आणि वर मार्करने लिहिलं, "उघडेल तो जेवणार नाही." वर गोधड्या टाकल्या. बर्फ तर नव्हताच कुठे. जिथे होता तिथे मैलभर रांग.

आम्ही बुधवारी सकाळी उघडला, 44 तासांनी. स्वयंपाकातला थर्मामीटर हातात घेऊन बायको एकेक पाकीट चाचपत गेली आणि गॅरेजच्या फरशीवर तीन ढीग झाले.

वरच्या थरातला खिमा, माझ्या शहाण्या मांडणीतला, मऊ पडला होता. पेटीत थंड हवा तळाशी बसते, ऊब वरच्या थरात राहते आणि खिम्याची चपटी पाकिटं सगळ्यांत आधी सुटतात. त्यातली 12 पाउंडांची पाकिटं 40 फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 4 सेल्सियसच्या, वर गेलेली होती. किती वेळ वर होती कोण सांगणार? ती टाकली. वास घेऊन बघू, धुऊन शिजवू, असलं काही केलं नाही. मोह झाला नाही म्हटलं तर खोटं होईल.

दुसरा ढीग 24 पाउंडांचा. दाबलं तर दबतंय, पण आत बर्फाचे कण करकरतायत, थर्मामीटर 40 च्या खाली. असं मांस पुन्हा गोठवता येतं, पोत जरा बिघडतो एवढंच. पण गोठवायचं कशात? शिजवलं. अंगणात गॅसची शेगडी, शेजाऱ्याची कोळशाची जाळी, पडलेल्या ओकच्या ओंडक्यांवर बसलेली माणसं. खिमा आतपर्यंत 160 फॅरनहाइट (71 सेल्सियस), अखंड तुकडे 145 (63 सेल्सियस) आणि आचेवरून उतरवून तीन मिनिटं तसेच ठेवायचे, हे इथल्या पुस्तकातलं प्रमाण. आमच्या हाताने सगळंच त्यापुढे गेलं. त्या आठवड्यात गावातल्या प्रत्येक गल्लीत हेच चाललं होतं, ज्याचा त्याचा फ्रीजर रिकामा होत होता. डावीकडच्या शेजाऱ्याने हरणाचे सॉसेज आणले, समोरच्या बाईंनी वितळलेली मक्याची कणसं. बॉटल मसाल्यातलं सुकं पहिल्यांदा खाल्लेल्या एका आजोबांनी दुसऱ्या दिवशी रिकामं भांडं घासून आणून दिलं आणि जरा उभे राहिले. पैसे न देणारे पाहुणे, कायद्यात बसतात.

तिसरा ढीग, 68 पाउंड, तळचे रोस्ट आणि स्टेक. दगडासारखे. चारी बाजूंना अजून गोठलेले कॅन होते. ते सगळं कॅनसकट थर्मासच्या पेट्यांत भरून उत्तरेला तासाभरावरच्या मित्राकडे नेलं, तिथे वीज होती. आमच्याकडे ती रविवारी आली. काही भागांत त्याहून जास्त दिवस लागले.

तोटा 12 पाउंड, 5.32 च्या भावाने 64 डॉलर. माझा अंदाज शंभराचा होता, बायकोचा शून्याचा. तिचं म्हणणं, कॅन अजून चार असते तर तेही वाचलं असतं.

सप्टेंबरमध्ये लॉकरला फोन केला, ऑक्टोबर 2021 ची तारीख मिळाली. वर्षभराचा वेळ होता, त्यामुळे या खेपेला कट शीट मीटिंगमध्ये भरली नाही. ऑफिसातला तो भागीदार आणि मी एका शनिवारी आमच्या ओट्यापाशी बसून भरली.

यात एक अडचण आहे, जी पाव हिस्सा घेणाऱ्याला कोणी आधी सांगत नाही. जनावराचे दोन अर्धे होतात. पाव हिस्सा म्हणजे एका अर्ध्याच्या पुढच्या आणि मागच्या भागातलं थोडं थोडं. पूर्ण पुढचा पाव घेतला तर सगळा चक आणि ब्रिस्केट, मागचा घेतला तर राउंड आणि सरलॉइन (कमरेमागचं मांस), म्हणून मिसळ करतात. पण मिसळ करायची तर त्या अर्ध्याच्या दोन्ही मालकांची कापणी एकच हवी. लॉकर एका बाजूच्या दोन कट शीट पाळत नाही. म्हणजे एका आयोवाच्या शेतकऱ्याच्या नातवाला आणि एका वसईकराला एकाच कागदावर सही करायची होती.

त्याला टी-बोन, म्हणजे T आकाराच्या हाडाचे स्टेक, हवे होते. मी कुठेतरी वाचून फिले, म्हणजे कमरेचा मऊ बिनहाडाचा तुकडा, मागत होतो. त्याने हसत कागदावर चित्र काढलं. टी-बोनमध्ये हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप नावाचा स्टेक आणि दुसऱ्या बाजूला तोच फिले असतो, दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. मी फिले सोडला. त्याबदल्यात नळ्या दीड इंची चकत्या करून, मान हाडासकट, बरगड्या छोट्या कापून, चकचे रोस्ट तीन पाउंडांचे, खिमा कमी. इथे हाड करवतीच्या यंत्रावर कापतात, सत्तूर चालत नाही, त्यामुळे रश्श्यात कपची येत नाही. फक्त कापलेल्या तोंडावर हाडाचा भुसा असतो, तो धुऊन काढायचा. ब्रिस्केट अर्धी अर्धी. सूपाची हाडं आणि चरबी सगळी मला, त्याला त्यात रस नव्हता. टांगायचे दिवस दहा. यावर तो जरा कुरकुरला, त्याला चौदा हवे होते.

आईची यादी फोनवर आली होती. भेजा मिळणार नाही म्हणून तिला समजावलं. गायीगुरांच्या मेंदूच्या रोगापासून इथे 30 महिन्यांच्या आणि त्याहून मोठ्या जनावराचा मेंदू आणि पाठीचा कणा खाण्यातून बाद आहे. आमचा स्टिअर त्याहून लहान होता, पण लहान लॉकर डोक्याच्या भानगडीत पडत नाही. वजरीही नाही, ती साफ करायला त्यांच्याकडे माणूस नाही. राहिली जीभ. जनावराला जीभ एकच आणि मालक चार. मी बाकी तिघांना रीतसर ईमेल केला, जीभ आणि शेपूट कोणाला हवी आहे का? एकाने उत्तरच दिलं नाही, एकाने विचारलं हे खरंच विचारतोयस का, आणि भागीदार म्हणाला, घे बाबा, आनंदाने घे.

ऑक्टोबर 2021 चे आकडे. पाव हिस्सा 210 पाउंड, दर 2.75, मजुरी 75 सेंट, मारण्याचे 20. एकूण 755 डॉलर. घरी आलं 158 पाउंड. बायकोने पुन्हा काटा मांडला आणि या खेपेला तिच्या चेहऱ्यावर आठी नव्हती. भाव 4.78. मी हा आकडा महिनाभर मिरवला. मग तिनेच दाखवलं की त्यात 20 पाउंड सूपाची हाडं आणि 8 पाउंड नुसती चरबी आहे. ती वजा केली तर 130 पाउंडांना 5.81 पडतात, म्हणजे मांस पहिल्यापेक्षा महागच. दर वाढले होते, त्याला इलाज नाही. पण खिमा 50 वरून 28 वर आला, ती हाडं जानेवारीच्या थंडीत दर आठवड्याला पातेल्यात गेली आणि चरबी वितळवून ठेवली, तिच्यात बटाटे तळले. ज्याला नुसता पाउंडाचा भाव बघायचाय त्याने मोठ्या दुकानातून खिम्याचं मोठं पाकीट आणावं. खोटं कशाला सांगू, ते स्वस्त पडतं.

मांडणीही बदलली. खिमा तळाशी, रोस्ट वर. प्रत्येक वस्तू रंगीत पिशवीत, लाल पिशवीत हाडवालं, निळीत खिमा, हिरवीत स्टेक. झाकणाच्या आत कागद, पाकीट काढलं की रेघ मारायची. मुलं रेघ मारत नाहीत. पाण्याचे कॅन आता कोणी पसारा म्हणत नाही.

जीभ तीन पाउंडांच्या आसपास भरली. आजी मीठ आणि सोरा चोळायची, इथे गुलाबी क्युरिंग मीठ (मांस टिकवायचं नायट्राइटवालं, जेवणातलं गुलाबी मीठ नव्हे) मोजून घालावं लागतं, ते अंदाजाने घालायची वस्तू नव्हे. काट्याने टोचून, मीठ-व्हिनेगर लावून, वर वजन ठेवून फ्रिजमध्ये दहा दिवस, रोज पालटायची. नाताळच्या आदल्या दिवशी उकडली, साल सोललं, पातळ काप केले आणि फुग्यांबरोबर, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या गोल पावांबरोबर, मांडले. भागीदाराला सहकुटुंब बोलावलं होतं. पहिला काप त्याने विचारलं नाही म्हणून खाल्ला. दुसरा खाताना विचारलं. सांगितलं तेव्हा हात थांबला, बायकोकडे बघितलं, मग तिसरा घेतला.

2022 ची कट शीट त्याने स्वतः भरून माझ्याकडे सहीला पाठवली. नळ्या, मान, हाडं, सगळं माझ्या मनासारखं होतं, टांगायचे दिवसही दहाच. फक्त जिभेसमोरच्या चौकटीत त्याने आपलं नाव लिहून ठेवलं होतं.